हवेची स्प्रिंग : डिक्कीचे दार पेलणाऱ्या नळीचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास

१/ एसयूव्हीच्या डिक्कीचे दार बोटाने वर ढकलले की उरलेला मार्ग ते आपोआप चढते आणि डोक्यावर निश्चल थांबते. त्याला पेलून धरतात दोन काळ्या नळ्या. गॅरेजमध्ये त्यांना ‘डिक्कीचे शॉकर’ म्हणतात. पाच-सात वर्षांनी त्या थकतात आणि तेच दार एखाद्या पहाटे मानेवर कोसळते. या क्षुल्लक वाटणाऱ्या नळीत दडलेला इतिहास आजच्या धाग्यात पाहू.

२/ आरंभ इ. स. १६६० पासून करू. त्या वर्षी सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याभोवती आवळला जात होता. वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या गोंदिया परिसरात, गोंड राजांचा अंमल होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल याने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच ‘हवेची स्प्रिंग’ असा शब्दप्रयोग होता. हवा दाबली की ती लोखंडी कमानीप्रमाणे उलट रेटा देते, हा त्याचा मुख्य विचार.

३/ दोन वर्षांनी, १६६२ च्या दुसऱ्या आवृत्तीत, बॉइलने या रेट्याचा हिशेब मांडला. इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराच्या काचनळीत त्याने पारा ओतत नेला आणि कोंडलेल्या हवेचे आकुंचन मोजले. तापमान कायम असेल, तर जागा निम्मी केल्यावर दाब दुप्पट होतो. शाळेत आपण पाठ केलेला ‘बॉइलचा नियम’ तो हाच.

४/ बॉइलचा हवेचा पंप घडवणारा त्याचा तरुण साहाय्यक होता रॉबर्ट हूक. पुढे १६७८ मध्ये, म्हणजे शिवराज्याभिषेकानंतर चार वर्षांनी, याच हूकने धातूच्या स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला : जितका ताण, तितका रेटा. हवेची स्प्रिंग आणि लोखंडाची स्प्रिंग, दोन्हींचे शास्त्र असे एकाच प्रयोगशाळेच्या आसपास जन्मले. मात्र पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. लोखंडी स्प्रिंग लवकरच गाडीखाली गेली. हवेच्या स्प्रिंगला तीनशे वर्षे थांबावे लागले.

५/ हा विलंब कशामुळे? हवा कोंडणे सोपे, पण कोंडून ठेवणे महाकठीण. सरकत्या दांड्याभोवती वायू निसटू न देणारे रबरी सील हवे, आरशासारखा गुळगुळीत पोलादी दांडा हवा आणि धातूला गंज न चढवणारा कोरडा वायू हवा. असा वायू म्हणजे नायट्रोजन. डॅनियल रदरफर्डने तो १७७२ मध्ये वेगळा ओळखला. १८९५ मध्ये कार्ल फॉन लिंडे याने मोठ्या प्रमाणावर हवा द्रवरूप करण्याची पद्धत सिद्ध केली. त्यानंतरच नायट्रोजन कारखान्यांना विपुल मिळण्याचा मार्ग खुला झाला.

६/ कोंडलेली हवा सामान्य माणसाच्या ओळखीची झाली ती चाकातून. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि पुढे सायकलबरोबर हातपंप गावोगावी पोहोचला. पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा खाली रेटा. हात सोडताच दांडा वर उसळतो. बॉइलचा प्रयोग आपल्या अंगणात असा कितीतरी मुलांनी नकळत केला आहे. डिक्कीची नळी म्हणजे तोंड कायमचे बंद केलेला असाच एक पंप, असे समजा.

७/ आता नळीच्या पोटात डोकावू. आत नायट्रोजन असतो, थोडे तेल असते आणि दांड्याच्या टोकाला बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो. छिद्रांमुळे वायू दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना खेळतो. मग रेटा येतो कुठून? दट्ट्याच्या एका बाजूला दांड्याने जागा अडवलेली असते, त्यामुळे त्या बाजूला वायूला ढकलायला क्षेत्र कमी मिळते. या फरकामुळे दांडा बाहेर ढकलला जातो. छिद्रांतून वायू आणि तेल सावकाश सरकत असल्याने दार झटका न देता उघडते.

८/ थोडे गणित करू. नळीवर ‘५५० एन’ असा आकडा छापलेला असला, तर त्यातील ‘एन’ म्हणजे न्यूटन. बलाच्या एककाला हे नाव १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यतेने मिळाले. ५५० न्यूटन म्हणजे साधारण ५६ किलो वजनाइतका रेटा. दांडा ८ मिलिमीटर जाडीचा असेल, तर एवढ्या रेट्यासाठी आतला दाब सुमारे ११० बार लागतो. कारच्या टायरमध्ये तो जेमतेम सव्वादोन बार असतो. म्हणजे जवळजवळ पन्नासपट!

९/ दार ३० किलोचे असताना एवढा रेटा कशाला? कोणतेही दार बिजागरीजवळ हात लावून ढकलून पाहा, उत्तर मिळेल. नळी बिजागरीच्या जवळ बसवलेली असते, तर दाराचे वजन तिच्यापासून दूर लोंबते. तरफेच्या या न्यायाने थोड्या वजनासाठीही मोठे बळ लागते. नळी थकल्यावर दार एवढ्या जोराने का आदळते, हेही यावरून कळते.

१०/ १९५० च्या दशकात फ्रेंच अभियंता क्रिस्तियां बुर्सिए द कार्बों याने दाबाखालील नायट्रोजन वापरणारा शॉकॲब्सॉर्बर रूढ केला. जर्मनीत कोब्लेंझ येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या स्टॅबिलस कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी वायूच्या स्प्रिंगचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. त्याच काळात मागचे दार वर उघडणाऱ्या मोटारी लोकप्रिय होत होत्या : १९६१ ची रेनॉ ४, १९६५ ची रेनॉ १६, पुढे १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ. जड दार वर उचलायचे, तर ते वर धरून ठेवणारेही कोणीतरी हवेच. नळीला काम मिळाले ते इथे.

११/ भारतातील कथा एका फळक्यापासून सुरू होते. महिंद्राने मुंबईत जोडणी सुरू केलेल्या विलिस जीपचा मागचा फळका साखळ्यांवर खाली पडे. पुढे नाशिकला तयार होणाऱ्या बोलेरो (२०००) आणि स्कॉर्पिओ (२००२) यांचे मागचे दार खोलीच्या दारासारखे आडवे उघडले. २०११ मध्ये चाकणहून आलेल्या एक्सयूव्ही ५०० चे दार वर गेले. २०१६ च्या ब्रेझानेही तीच दिशा धरली. खाली, आडवे, वर! दाराची दिशा बदलली आणि त्याबरोबर गाडीचा वैद्यही बदलला.

१२/ हा शेवटचा मुद्दा गोंदियाच्या नकाशावर नीट दिसतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा भाताचा, राइस मिलचा आणि जंगलाचा. देवरी, कोहमारा या गावांवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. नवेगाव-नागझिऱ्याकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्याही याच परिसरातून वळतात. जीपच्या काळात अशा रस्त्यावर पाटा तुटला, तर लोहार किंवा पाटेवाला तो भट्टीत तापवून पुन्हा बाक देई, नवे पान घाली. हूकची स्प्रिंग गावात दुरुस्त होई.

१३/ बॉइलची स्प्रिंग मात्र गावात दुरुस्त होत नाही. ती कारखान्यातच कायमची बंद करून पाठवलेली असते. तिला ना झाकण, ना व्हॉल्व्ह. सीलमधून वायू निसटला की कसलेल्या मिस्त्रीच्या हातीही एकच उपाय उरतो : जुनी काढा, नवी बसवा. नळीचा दोष म्हणून हे सांगत नाही. तिची अचूकताच तिच्या बंदिस्तपणावर उभी आहे. परंतु ज्ञान गावाच्या भट्टीतून निघून दूरच्या कारखान्यात गेले, या मोठ्या स्थित्यंतराची ही छोटी साक्ष आहे.

१४/ नळी थकल्याचे प्रथम लक्षात येते ते थंडीत. १७०० च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ गियोम आमोंतों याने दाखवले की बंद जागेतील हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो व घटतो. गोंदियात मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो आणि हिवाळ्यातील पहाटे १० अंशांच्या खाली उतरतो. या ३५ अंशांच्या फरकाने नळीचा रेटा सुमारे ११ टक्के कमी होतो. उन्हाळ्यात कसेबसे तग धरलेले दार म्हणूनच डिसेंबरात खाली येते.

१५/ बदलण्याचे काम सोपे आहे, पण क्रम चुकवू नये. प्रथम दाराला भक्कम लाकडी टेकू द्यावा किंवा दुसऱ्या माणसाने ते धरावे. नळीच्या टोकाच्या खोबणीतील तारेची क्लिप लहान स्क्रूड्रायव्हरने किंचित सैल केली की नळी गोळ्यावरून निघते. दोन्ही नळ्या एकदमच बदलाव्यात. एक नवी आणि एक थकलेली ठेवल्यास दार पिळते. आकडा व लांबी जुन्याप्रमाणेच असावी.

१६/ दार बंद असताना दांडा खालच्या बाजूला राहील, अशी नळी बसवावी. मग आतील तेल सीलवर साचून ते ओलसर ठेवते आणि नळी अधिक टिकते. दांड्यावर पकड लावू नये. त्यावर पडलेला एक ओरखडाही सील फाडतो.

१७/ सर्वांत महत्त्वाची गोष्ट. थकलेली नळी म्हणजे रिकामी नळी नव्हे. दार पेलण्याइतका नसला, तरी तिच्यात टायरच्या कितीतरी पट दाब शिल्लक असू शकतो. तिला भोक पाडणे, कापणे किंवा भट्टीत टाकणे जीवघेणे ठरू शकते. पाटा तापवणाऱ्या लोहाराचे शहाणपण इथे लागू पडत नाही. भंगारात देताना ही गोष्ट घेणाऱ्याला अवश्य सांगावी.

१८/ ‘दुरुस्त होते’ ते ‘बदलावेच लागते’ हा प्रवास केवळ डिक्कीचा नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तेव्हा तिच्यापुढील चार क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारगाड्याही होत्या. प्रत्येक वस्तू गावात उघडता यावी, असा हट्ट धरता येणार नाही. परंतु सुटा भाग रास्त दरात मिळावा आणि त्याची माहिती मिस्त्रीपर्यंत पोहोचावी, ही अपेक्षा नक्कीच ठेवता येते.

१९/ इतिहास गडांच्या तटबंदीत असतो, तसा गाडीच्या मागच्या दारातही असतो. ऑक्सफर्डच्या काचनळीतील पारा, कोब्लेंझचा कारखाना, नाशिक-चाकणच्या गाड्या आणि देवरीच्या रस्त्यावरचा मिस्त्री हे सारे एका हातभर नळीत एकत्र आले आहेत. मित्रहो, पुढच्या वेळी डिक्की उघडाल तेव्हा नळीवरचा आकडा वाचा. दार हळूहळू खाली सरकत असेल, तर त्याखाली डोके घालण्यापूर्वी टेकू लावा.

धागा समाप्त. आपल्या गावातील पाटेवाले आणि जुन्या जीपगाड्या यांच्याविषयी काही ठाऊक असेल, तर खाली अवश्य लिहा.