दामोदर हॉल

मजूर चळवळीचा इतिहास सांगणारे बहुधा गिरणीच्या दारापाशी थांबतात. आम्ही युनियनवालेही दारसभेलाच फार मान देतो. पण दारात उभे राहून घोषणा होतात, विचार होत नाही. विचाराला बसावे लागते, आणि बसायला जागा लागते. गिरणगावात तीच नव्हती. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांनी जमायचे तरी कोठे?

म्हणून परळच्या दामोदर हॉलचे महत्त्व. १९२२ साली तो उभा राहिला. नाव दामोदर ठाकरसी मूळजी यांचे, म्हणजे गिरणीमालकांच्या घराण्यातले; कारभार सोशल सर्व्हिस लीगचा. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली ही संस्था काढली. रात्रीच्या शाळा, वाचनालये ही तिची कामे. १९२० साली आयटक स्थापन करण्यातही जोशी पुढे होते. आमच्यातले जहाल लोक त्यांना मवाळ म्हणून हिणवीत. मीही तरुणपणी हिणवले आहे. मात्र हिणवणाऱ्यांनी किती सभागृहे उभारली, हे तेव्हा मोजले नव्हते!

९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच हॉलमध्ये सभा बोलावली. अस्पृश्यांची एक मध्यवर्ती संस्था असावी की नाही, हा विषय होता. त्यातून जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि तिची कचेरीही येथेच थाटली गेली. बाबासाहेब तेव्हा जवळच, परळच्या चाळीत राहत. ज्यांना कापडखात्यात विणकामाला हात लावू देत नसत, त्यांच्या संस्थेला येथे खुर्ची-टेबल मिळाले. ही गोष्ट मला एखाद्या यशस्वी संपाइतकी मोठी वाटते.

संध्याकाळी याच जागेत नाटक चाले. कोकणातून आलेल्या गिरणीकामगारांच्या हौशी मंडळ्यांनी येथे तोंडाला रंग लावला. दिवसभर साच्यावर उभा असलेला गडी रात्री राजा होई. कामगार रंगभूमी म्हणतात ती अशी वाढली.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. गिरण्या खचल्या, भोंगे थांबले, पण हॉलमधले प्रयोग चालू राहिले. २०२३ साली पुनर्विकासासाठी नाट्यगृह बंद झाले आणि पाडकामाविरुद्ध रंगकर्मी रस्त्यावर आले. नव्या नाट्यगृहात खुर्च्या किती, रंगमंच केवढा, यावर पुष्कळ बोलणे झाले. वस्तीतल्या हौशी मंडळीला ते एका रात्रीसाठी किती भाड्याने मिळेल, एवढेच मला विचारायचे आहे.