मोटाऊन २५: येस्टरडे, टुडे, फॉरएव्हर

मोटाऊन २५: येस्टरडे, टुडे, फॉरएव्हर हा मोटाऊन या अमेरिकन ध्वनिमुद्रिका कंपनीच्या गाजलेल्या गीतांचा गौरव करणारा दूरचित्रवाणीवरील विशेष कार्यक्रम होता. २५ मार्च १९८३ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना सिव्हिक ऑडिटोरियम येथे प्रेक्षकांसमोर त्याचे चित्रीकरण झाले आणि १६ मे १९८३ रोजी एनबीसी वाहिनीने तो प्रसारित केला. निर्मिती सुझान डी पास यांची, दिग्दर्शन डॉन मिशर यांचे, तर सूत्रसंचालन विनोदवीर रिचर्ड प्रायर यांचे होते.

पार्श्वभूमी

बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये डेट्रॉइट येथे या कंपनीचा पाया घातला. कृष्णवर्णीय गायकांची गाणी गौरवर्णीय श्रोत्यांपर्यंत पोहोचविण्यात तिचा वाटा मोठा होता. मात्र १९८३ पर्यंत मायकेल जॅक्सन, डायना रॉस, मार्व्हिन गे असे बिनीचे कलावंत इतर कंपन्यांकडे गेले होते. त्यामुळे हा सोहळा म्हणजे दुरावलेल्यांना एका मंचावर आणण्याचा खटाटोपही होता.

सादरीकरण

द टेम्प्टेशन्स आणि द फोर टॉप्स या गायकसमूहांची जुगलबंदी रंगली. मार्व्हिन गे यांनी पियानोवर बसून कृष्णवर्णीयांच्या संगीताचा इतिहास सांगितला व नंतर 'व्हॉट्स गोइंग ऑन' गायले. पुढच्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

सर्वाधिक स्मरणात राहिले ते मायकेल जॅक्सन यांचे नृत्य. भावांसोबत जुनी गीते सादर केल्यावर ते मंचावर एकटे थांबले आणि त्यांनी 'बिली जीन' सादर केले. हे गीत मोटाऊनचे नव्हते, एपिक या कंपनीचे होते. ते सादर करू देण्याच्या अटीवरच जॅक्सन सहभागास राजी झाले होते. आवाज ध्वनिमुद्रित होता, नृत्य मात्र प्रत्यक्ष. पुढे चालल्याचा भास देत मागे सरकणारी 'मूनवॉक' ही चाल त्यांनी येथे दूरचित्रवाणीवर प्रथमच दाखविली. ती त्यांची निर्मिती नव्हे. टॅप नर्तक बिल बेली तशी चाल १९५० च्या दशकातच करीत असत. एका कंपनीच्या गौरवाचा कार्यक्रम अशा रीतीने दुसऱ्या कंपनीच्या गीतामुळे अजरामर झाला.

पुरस्कार व टीका

कार्यक्रमास १९८३ चा सर्वोत्कृष्ट विविधरंजन कार्यक्रमाचा एमी पुरस्कार मिळाला. मात्र ज्यांच्या वादनावर ही सारी गीते उभी होती, त्या 'द फंक ब्रदर्स' या वादकसमूहाला मंचावर स्थान नव्हते, ही उणीव अभ्यासकांनी वारंवार दाखविली आहे. त्यांतील बेस गिटारवादक जेम्स जेमर्सन यांचे प्रसारणानंतर तीन महिन्यांच्या आत, २ ऑगस्ट १९८३ रोजी निधन झाले. या वादकांची कथा सर्वसामान्य प्रेक्षकांसमोर आली ती २००२ च्या 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाऊन' या माहितीपटातून.