पक्षादेश आणि पोटगी

१९८५ साली तीन गोष्टी एकामागून एक घडल्या. १ मार्चला पक्षांतरबंदी कायदा अमलात आला. २३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो यांची दरमहा १७९ रुपये २० पैशांची पोटगी कायम केली. आणि नोव्हेंबरात आमच्या कोल्हापुरातून मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा तलाकमुक्ती मोर्चा नागपूरकडे निघाला. मोर्चातल्या स्त्रियांना वाटेत विरोध सोसावा लागला. पण आपले म्हणणे त्यांनी आपल्या तोंडाने मांडले. खासदारांना तेवढीही मुभा राहिली नाही.

राज्यमंत्री आरिफ मोहम्मद खान यांनी २३ ऑगस्टला लोकसभेत त्या निकालाची बाजू मांडली होती. पुढे सरकारने भूमिका फिरवली, तेव्हा फेब्रुवारी १९८६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. मे महिन्यात मुस्लिम महिला विधेयक मताला आले, ते काँग्रेसचा पक्षादेश घेऊनच. आदेशाविरुद्ध मत दिले वा गैरहजर राहिले, तर खासदारकी जाऊ शकत होती. चारशेंहून अधिक सदस्यांच्या पक्षात कोणाचे मन काय सांगत होते, हे कळायची सोयच उरली नाही.

२०१९ मध्ये तिहेरी तलाकबंदीचे विधेयक आले. सत्ताधारी पक्ष बदलला होता, पक्षादेश तोच होता. आमच्यापैकी कोणाला पहिला कायदा पटला, कोणाला दुसरा. पण आमच्या घरातल्या संसाराविषयीचे हे दोन्ही निर्णय हुकमाच्या मतांवर झाले, ही सल दोघांनाही असायला हवी.

शिस्त नकोच, असे आम्ही म्हणत नाही. १९६७ मध्ये हरियाणात गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. 'आयाराम गयाराम' तेव्हापासूनचे. तो बाजार थांबावा म्हणून कायदा झाला. पण २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातले दोन्ही खासदार शिंदे गटात गेले आणि दोघांचीही खासदारकी टिकली. म्हणजे घोळक्याने गेलेला सुटतो. एकटा उभा राहणारा तेवढा सापडतो.

दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते, की अपात्रतेचा धाक विश्वास-अविश्वास ठरावापुरता ठेवावा. सरकार तगवण्यासाठी पक्षाने हात बांधावेत. पोटगीचा प्रश्न आला, की ते सोडावेत. मग आमच्या खासदाराला आम्ही विचारू शकू : पक्षाचे राहू द्या, तुमचे मत काय होते?