दारिद्र्याचे माप आणि पुण्यातली एक संस्था

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांत पहिले दारिद्र्य निर्मूलनाचे आहे. देशाच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणे जे दारिद्र्य भरते, ते २०३० पर्यंत निदान निम्म्यावर आणावे, असे त्यातले एक लक्ष्य सांगते. पण ही व्याख्या आयती मिळत नाही. ती कुणीतरी आकडे लावून, वाद घालून बसवावी लागते, आणि विद्यापीठीय संशोधनाचे खरे योगदान मी तिथेच मानतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा इतिहास याची साक्ष देतो. १९३० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गावोगावच्या पाहणीचा पाया घातला. याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज २,२५० उष्मांक देणारा आहार ज्यांना परवडतो त्या कुटुंबांचा एकूण खर्च किती, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून काढले. १९६०-६१ च्या किमतींनुसार माणशी महिन्याला खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा त्यातून निघाली. तिच्याखाली खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली जवळजवळ निम्मी माणसे होती. साठच्या दशकातल्या वाढीचा लाभ या तळच्या लोकांपर्यंत फारसा पोचलाच नाही, आणि शहरातले दारिद्र्य हे खेड्यातून वाहत आलेले दारिद्र्य आहे, हे दोन निष्कर्ष मला त्या आकड्यांहूनही मोलाचे वाटतात. त्यातूनच त्यांचा उपाय आला: सरकारने सार्वजनिक कामे काढून मागेल त्याला रोजगार द्यावा.

मोजमापाने कुणाचे पोट भरत नाही, हा आक्षेप जुना आणि रास्त आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे श्रेय अभ्यासकांना देताही येणार नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा प्रयोग १९६५ मध्येच तासगाव तालुक्यात सुरू केला होता, आणि १९७२ च्या दुष्काळाने तिला राज्यभर नेले. मात्र दुष्काळ सरला की दुष्काळी कामे बंद होतात, ही आपली जुनी रीत. गरिबी दुष्काळापुरती नसून बारमाही आहे, हे आकड्यांनी उघड झाल्यावर कायमच्या हमीची मागणी उडवून लावणे अवघड झाले. महाराष्ट्राचा कायदा १९७७ मध्ये मंजूर होऊन १९७९ मध्ये अमलात आला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यापुढे हाच नमुना होता.

दुसरा आक्षेप अभ्यासकांमधूनच आला, आणि तो अधिक गंभीर होता. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे, की एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक कमीजास्त होते. सरासरीखाली खाणारा प्रत्येकजण उपाशी धरला तर कुपोषणाचा आकडा फुगतो. दांडेकरांनी त्याला सविस्तर उत्तर दिले आणि वाद वर्षानुवर्षे चालला. पुढे २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने तर रेषा उष्मांकांना बांधून ठेवणेच सोडले. म्हणून मूळ काम वाया गेले असे मी मानत नाही. रेषा कशी काढली ते उघड मांडले होते, म्हणूनच ती दुरुस्त करता आली. सरकारी फायलीत ठरलेल्या आकड्याशी असे भांडता येत नाही. ज्या संस्थेने रोजगाराचा आग्रह धरला, तिथल्याच कुमुदिनी दांडेकरांनी पुढे रोजगार हमीच्या कामांवरच्या स्त्रियांची पाहणी केली आणि ही योजना त्यांच्या हाती किती काम देते ते तपासले.