निळ्या केसांची कुळकथा

केसांना निळा, जांभळा किंवा तांबडाभडक रंग लावून मिरवण्याची सुरुवात कुठे झाली, असं विचारलं की बोट न्यूयॉर्ककडे जातं. ते खोटं नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यातून पाहणाऱ्याने आधी देवरुखला थांबावं.

देवरुखच्या जोश्यांच्या घरातल्या दोन बहिणी. थोरली गोदू, धाकटी कृष्णा. दोघींनाही वैधव्य आलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेत शिकल्या आणि 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. त्यापायी कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. धाकटी म्हणजे पार्वतीबाई आठवले. विशीतच नवरा गेला, पदरात मुलगा, आणि रूढीप्रमाणे केशवपन. पुढे त्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत फिरल्या, त्याही सोवळ्या वेषात. 1912च्या सुमारास, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी ठरवलं की आता वपन बंद, केस वाढवायचे. पुनर्विवाह करायचा नव्हता, कुणाला आवडावं हाही हेतू नव्हता. लोकांनी नावं ठेवली, ती त्यांनी ऐकून घेतली. 1918 मध्ये ही बाई अमेरिकेला गेली, लोकांच्या घरी कामं करून राहिली, इंग्रजी शिकली आणि संस्थेसाठी पैसा जमवला. हे सगळं त्यांनी ‘माझी कहाणी’त स्वतःच लिहून ठेवलं आहे.

केसांच्या रंगाशी याचा संबंध काय? संबंध असा, की रंग लावायचा तर आधी डोक्यावर केस हवेत आणि त्यांचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क हवा. ब्राह्मण आणि तत्सम जातींत न्हावी बाईच्या डोक्याला हात लावी तो बहुधा एकाच कारणाने, वैधव्य आल्यावर, वस्तरा घेऊन. त्या वस्तऱ्याला न्हाव्यांनीच नकार दिला तो 1890 मध्ये. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं वपन करणार नाही असं जाहीर केलं. मराठी मुलखात केसांच्या इतिहासातली ही मोठी घटना. पार्लरच्या भिंतीवर तिची तसबीर कुणी लावत नाही, ती लावायला हरकत नाही.

रंगाचं रसायन मात्र परदेशी आणि बरंचसं अपघाती. 1856 मध्ये विल्यम पर्किन मलेरियावरचं क्विनाइन बनवायला गेला आणि हाती लागला डांबरातून निघालेला जांभळा रंग. त्याच खटपटींच्या घराण्यात, 1863 मध्ये, हॉफमन या रसायनतज्ज्ञाने ‘पीपीडी’ हे रसायन नोंदवलं. ते हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर मिसळलं की केसांच्या आत शिरून तिथेच गडद रंग धरतं. 1907 मध्ये पॅरिसमध्ये यूजीन श्युलर या तरुण रसायनतज्ज्ञाने असा केशरंग बनवून न्हाव्यांना विकायला सुरुवात केली. 1909 मध्ये त्याने काढलेल्या कंपनीच्या लांबलचक नावात हे रंग निरुपद्रवी असल्याची ग्वाही होती. ग्वाही द्यावी लागली यातच सगळं आलं. तीच कंपनी पुढे लॉरिआल झाली.

या रंगाचं काम एकच, पिकलेलं लपवणं. आपल्याकडेही माका, आवळा, लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली मेंदी यांचा रोख तोच. 1956 मध्ये अमेरिकेत शर्ली पोलिकॉफ या जाहिरात लिहिणाऱ्या बाईने क्लेरॉलसाठी जी गाजलेली जाहिरात केली, तिचाही गाभा हाच होता: हिने रंग लावलाय की नाही, ते फक्त तिच्या केशकर्तनकाराला ठाऊक.

ही लपवाछपवी मोडली ती दोन बहिणींनीच. टिश आणि स्नूकी बेलोमो, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या, ब्लाँडी या बँडच्या सुरुवातीच्या दिवसांत मागे उभं राहून गाणाऱ्या. 7 जुलै 1977 रोजी त्यांनी सेंट मार्क्स प्लेसवर ‘मॅनिक पॅनिक’ नावाचं दुकान उघडलं. नाव आईने सुचवलेलं. पंक पोरापोरींचे कपडे, मेकअप आणि रंग यांचं हे दुकान. पुढे दोघींनी दुकानाच्याच नावाने केसांचे रंग काढले. ‘अॅटॉमिक टर्क्वॉइज’, ‘व्हॅम्पायर रेड’ अशी नावं वाचूनच कळतं की इथे काही लपवायचं नाही.

हे रंग पेरॉक्साइडशिवाय चालतात. कण मोठे असल्याने ते केसाच्या पृष्ठभागालगतच बसतात आणि धुतल्यागणिक उतरत जातात. म्हणूनच कोकणातल्या काळ्याभोर केसांवर ते थेट लावले तर दिसतच नाहीत. आधी ब्लीच करून मूळ काळा काढावा लागतो. काळा आधी लालसर, मग नारिंगी, शेवटी पिवळा होतो. निळा हवा तर अगदी फिकट पिवळ्यापर्यंत पोचावंच लागतं, नाहीतर हिरवट छटा येते. हे कसब आहे, आणि त्याचेच पैसे मिळतात.

महाराष्ट्रात या धिटाईचा ठळक चेहरा म्हणजे सपना भवनानी. वांद्र्याला ‘मॅड ओ वॉट’ सलॉन सुरू करणाऱ्या, महेंद्रसिंग धोनीचे केस घडवणाऱ्या, अंगभर टॅटू मिरवणाऱ्या. त्यांनी ‘निर्भया’ नाटकात काम केलं आणि ‘सिंधुस्तान’ हा माहितीपट केला.

रत्नागिरी, चिपळूण, दापोलीत हे एवढं झगमगीत नाही. घराच्या पुढच्या खोलीत पडदा, एक आरसा, एक खुर्ची, आणि ‘ताई, रूट टच-अप किती?’ हा प्रश्न. पण बाईने बाईचे केस पैसे घेऊन हाताळायचे, हा धंदा पिढीजात नव्हता. तो बायकांनीच उभा केला.

ताईंकडे जाणार असाल तर एक करा. डाय लावायचा असेल तर आधी कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबा. पीपीडीची अॅलर्जी काहींना चेहरा सुजेपर्यंत जाते, आणि बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’तही बहुधा तेच असतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, किंवा ताईंना वाचायला लावा.