नळ आधी, नाली मागून

१/
पावसाळा लागला की मोरी तुंबते. न्हाणीतले पाणी जाळीवरच थबकते, बेसिनमधून गुडगुड आवाज येतो, परसातल्या टाक्याभोवतीची माती ओलसर होते आणि घरभर कुबट वास पसरतो. अहेरीसारख्या तालुक्याच्या गावी तेव्हा पहिला शोध नळवाल्याचा होतो आणि पहिला दोष पाइपाला दिला जातो. पाइपाचा दोष असतोही. तथापि या तुंबण्यामागे दीडशे वर्षांहून जुना एक क्रम आहे : पाणी घरात आणण्याची घाई आणि ते बाहेर नेण्याची टाळाटाळ. हा धागा त्या क्रमाविषयी.

२/
प्राणहितेजवळची अहेरी हे जुन्या चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या जमीनदारीचे ठाणे. विहिरीचे वा नदीचे पाणी डोक्यावरून आणावे लागे, तोवर ते जपून वापरले जाई. भांडी राखेने घासली जात, खरकटे जनावरांपुढे जाई, धुण्याचे पाणी परसातल्या केळी-अळूच्या बुडाशी मुरे. कष्टाने आलेले ते पाणी मातीला पचेल इतकेच असे. त्यामुळे सांडपाण्याची वेगळी व्यवस्था नसणे ही त्या काळी उणीव ठरत नव्हती. प्रश्न जन्मतो तो पाणी विनासायास आणि अधिक प्रमाणात येऊ लागल्यावर.

३/
पाणी साठवण्याची परंपरा या प्रदेशात जुनी आहे. चंद्रपूरचा रामाळा तलाव गोंड राजांच्या काळचा. शतके उलटली तरी तलाव टिकला; मात्र शहर वाढले तसे नाल्याचे घाण पाणी त्यात शिरू लागले. २०२१ मध्ये त्याच्या शुद्धीकरणासाठी शहरातील पर्यावरण कार्यकर्त्यांना उपोषण करावे लागले. पाणी आणणारे, साठवणारे राजे इतिहासात नावानिशी आहेत. वापरलेले पाणी कोठे जावे, हा प्रश्न मात्र कोणाच्याच नावावर नाही.

४/
जुन्या जलयोजनांना निदान एक गोष्ट ठाऊक होती : नळ बांधला की तो तुंबणारच. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी आजच्या छत्रपती संभाजीनगरात नहर आणली. तिच्या वाटेवर जागोजागी बांधीव मनोरे उभारलेले होते, ज्यांतून नळातली कोंडलेली हवा निघून जाई. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणले. त्या भूमिगत मार्गावर ठरावीक अंतरावर ‘उच्छ्वास’ ठेवले होते. त्यांतून हवा खेळे आणि गाळ काढण्यासाठी माणूस आत उतरू शके.

५/
म्हणजे दुरुस्तीची वाट बांधकामातच राखलेली होती. आजच्या घरात हेच काम चेंबर करते. फरशी सुंदर दिसावी म्हणून चेंबरवर लादी बसवून टाकणारा घरमालक आपल्या घराचा उच्छ्वासच बुजवतो. पुढे मोरी तुंबली की फरशी फोडण्यावाचून उपाय उरत नाही. उच्छ्वासांत उतरून गाळ उपसणाऱ्यांची नावे मात्र पेशव्यांच्या नावाप्रमाणे कोणाच्या ओठी नाहीत. हे मौन पुढच्या कथेतही कायम राहते.

६/
आता मुंबई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शहर विहिरी आणि तलावांवर जगत होते. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावे त्याची साक्ष देतात. टंचाई असह्य झाल्यावर हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार साष्टीत विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये लोखंडी नळांतून पाणी शहरात पोहोचले. आधुनिक नळपाणीपुरवठ्याचा हिंदुस्थानातील हा एक आद्य प्रयोग. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलावाची त्यात भर पडली.

७/
पाणी आले, पण त्याच्या जाण्याची तितकीच समर्थ सोय झाली नाही. सांडपाणी उघड्या नाल्यांतून आणि अपुऱ्या उताराच्या गटारांतून रेंगाळत समुद्राकडे जाई. सखल भागांत ते परत फिरे. चाळींच्या मधल्या चिंचोळ्या घरगल्ल्यांत मोऱ्यांचे पाणी आणि शौचकूपांच्या टोपल्या शेजारी-शेजारी असत. मैला वाहून नेणारे ‘हलालखोर’ आणि त्यासाठी आकारला जाणारा ‘हलालखोर कर’ हे दोन्ही शब्द नगरपालिकेच्या अधिकृत व्यवहारात होते. नळ लोखंडाचा झाला. मैल्यासाठी मात्र माणसाचे डोकेच वाहन राहिले.

८/
सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रोग दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो ही समजूत अजून प्रबळ होती. त्यामुळे संशय सर्वप्रथम गटारांवर गेला. गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुऊन काढली गेली, घरांना चुना फासला गेला. प्लेग थांबला नाही. पिसवांमार्फत तो उंदरांकडून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने कराचीत प्रयोगाने दाखवले ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली.

९/
निदान चुकीचे होते. पण गटारांकडे पाहण्याची सक्ती खरी ठरली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. विहारचे पाणी १८६० मध्ये आले आणि प्लेग १८९६ मध्ये. या छत्तीस वर्षांत तीन तलाव बांधून झाले; वस्तीतल्या गटारांचा प्रश्न मात्र साथीने दार ठोठावल्यावरच ऐरणीवर आला. ‘नळ आधी, नाली मागून’ या क्रमाची किंमत किती असू शकते, याचे महाराष्ट्रातील हे सर्वांत मोठे उदाहरण.

१०/
दुर्गंधीच्या भीतीने एक उपयुक्त वस्तू मात्र घरोघर पोहोचवली : वाकडी नळी. १७७५ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचकूपासाठी तिचे पेटंट घेतले. नळीच्या वाकात थोडे पाणी सदैव साचून राहते आणि तेच गटारातल्या वायूला अडवणारे दार बनते. भारतीय बांधकामात जमिनीतील अशा सापळ्याला आजही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. घरातल्या न्हाणीचा शब्द अभियांत्रिकीच्या पुस्तकात जाऊन बसला, तो असा.

११/
हे दार समजले की निम्म्या तक्रारी उलगडतात. बंद खोलीच्या न्हाणीतून वास येत असेल तर ट्रॅपमधले पाणी आटले असावे. तांब्याभर पाणी ओतले की काम होते. बेसिन गुडगुडत असेल तर बहुधा नळीला हवेची वाट नाही आणि वाहते पाणी ट्रॅपमधले पाणी ओढून नेत आहे. पाणी संथ जात असेल तर तेलाचा थर, भाताची पेज वा केस अडकलेले असतात, नाहीतर उतार कमी पडतो. चार इंची पाइपाला दहा फुटांत सुमारे तीन इंच उतार हवा. वारंवार तेजाब ओतल्याने उतार सुधारत नाही. टाक्यातले उपयोगी जिवाणू मात्र मरतात.

१२/
‘प्लंबर’ हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून, ‘प्लंबम’वरून आला, रोमन काळात नळ शिशाचे असत. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात परवानाधारक प्लंबरची तरतूद झाली. परवान्याचा अर्थ केवळ कौशल्य नव्हे. घरातले काम बिघडले तर कोणाला विचारायचे, याचे उत्तर त्यामुळे कागदावर येते. लहान गावांत हे काम अजूनही बहुधा पाहून-पाहून शिकलेल्या हातांवर चालते. त्या हातांत कसब असते. त्यांना प्रशिक्षण, साधने आणि मान देण्याची व्यवस्था क्वचितच असते.

१३/
अहेरीसारख्या गावांत घराचा मैला जातो तो परसातल्या सेप्टिक टाक्यात. या तंत्राचाही मुंबईशी विलक्षण संबंध आहे. मराठी पोवाड्यांचे संकलन व इंग्रजी भाषांतर करणारे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला. तेथे १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाक्यातून निघणारा वायू साठवून वापरात आणला गेला. ज्यांना समाजाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या वस्तीत देशातला हा एक आरंभीचा बायोगॅस प्रयोग झाला.

१४/
जो वायू तेथे उपयोगी पडला, तोच बंद टाक्यात प्राण घेतो. मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साचलेल्या, प्राणवायू नसलेल्या टाक्यात उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तसाच कोसळतो. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ मध्ये कायदे झाले. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरीही टाके उपसायला कोणाला बोलवायचे याचे उत्तर अनेक गावांत आजही जातीवरून दिले जाते. टाके दोन-तीन वर्षांनी उपसावेच लागते. ते यंत्राच्या गाडीनेच उपसले पाहिजे.

१५/
तुंबलेल्या नालीची दुसरी किंमत चंद्रपूर-गडचिरोलीला विशेष परिचित आहे : हत्तीरोग. त्याच्या कृमींची वाढ डासाच्या शरीरात होते हे पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये १८७७ साली दाखवले. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो. नाली, उघडे टाके, मोरीमागचे डबके हीच त्याची घरे. या दोन्ही जिल्ह्यांत हत्तीरोगाविरुद्ध सामुदायिक औषधोपचाराच्या मोहिमा राबवाव्या लागतात. गोळी रक्तातल्या कृमींवर चालते. नालीतल्या अळीला ती ठाऊकही नसते.

१६/
१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे तिचे उद्दिष्ट. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा. म्हणजे रोज २२० लिटर, पंधरा लिटरच्या हंड्याने मोजले तर चौदा-पंधरा हंडे. पूर्वी केळी-अळूच्या बुडाशी मुरणारे पाणी आता इतके होते. पावसाळ्यात भूजल वर आले की हीच माती ते घ्यायला नकार देते. मोरी तुंबते ती बहुतेकदा येथे.

१७/
उत्तर नेहमी महागड्या गटारयोजनेतच असते असे नाही. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले आणि उघड्या नाल्यांची गरजच कमी केली. हाच पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजला. साधारण चार फुटी खड्डा, मध्ये छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड आणि खडी. नाली वाहत नाही, म्हणून डासही वाढत नाहीत. मात्र हा खड्डा न्हाणी-स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी आहे, मैल्यासाठी नाही. विहिरीपासून तो दूर असावा, आणि त्यातला गाळ वेळोवेळी काढावा लागतो. दुरुस्ती येथेही चुकत नाही.

१८/
मलिक अंबरची नहर असो, कात्रजचा नळ असो वा विहारचा तलाव, आरंभाचा समारंभ पाण्याच्या आगमनाचा असतो. निर्गमनाचा समारंभ कोणी करत नाही, म्हणून त्याचा हिशेबही कोणी ठेवत नाही. मुंबईला हा हिशेब मांडायला एक साथ लागली. अहेरीच्या आसपासच्या गावांत नळ अजून पोहोचत आहेत. तेथे तो पहिल्या दिवशीच मांडता येईल. नळजोडणीच्या अर्जात नाव, घर क्रमांक, कुटुंबातील माणसे असे रकाने असतात. त्यांच्याखाली ग्रामसभेने आणखी एक रकाना वाढवावा : वापरलेले पाणी जाणार कोठे, आणि ती वाट तुंबली तर ती उघडणार कोण?