आरवणारी कोंबडी

खेड्यात एखादी कोंबडी आरवली की तिचं काही खरं नसतं. कोंबड्यानं बांग द्यावी हा त्याचा धर्म. पण कोंबडीनं दिली म्हणजे घरावर काहीतरी येणार, असा समज आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहे. उपायही ठरलेला: त्याच दिवशी तिच्या मानेवर सुरी. अपशकुन टळतो आणि रस्साही होतो.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही, मंडळी. चीनपासून इंग्लंडपर्यंत आरवणाऱ्या कोंबडीवर म्हणी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच खरं तर घरातल्या बोलणाऱ्या बाईला टोमणा मारण्यासाठी वापरल्या गेल्या. म्हणजे सुरी कोंबडीवर आणि बोलणं बाईला!

आता मुद्द्याची गोष्ट. आरवणारी कोंबडी अपशकुनी नसते. अनेकदा ती आजारी असते, आणि तिचा आजार अंडाशयाचा असतो. हे कळायला माणसाला काही शतकं लागली. आज ती गोष्ट सांगतो.

सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावापासून. साल १४७४. तिथे एका कोंबड्यावर चक्क खटला भरला गेला. गुन्हा काय, तर त्यानं अंडं घातलं. कोंबड्याच्या अंड्यातून भयंकर सर्प निघतो अशी तेव्हा युरोपात समजूत होती. कोंबडा दोषी ठरला आणि त्याला अंड्यासकट जाळण्यात आलं. हसू येतं खरं, पण त्या ‘कोंबड्या’चं वर्णन आजच्या पशुवैद्याला सांगितलं तर तो म्हणेल, ही बहुधा तुरा वाढलेली, आजारी कोंबडीच असावी.

पुढे १७१० मध्ये फ्रान्समध्ये ला पेरोनी नावाच्या शल्यवैद्याकडे एका शेतकऱ्यानं छोटी, बलक नसलेली अंडी आणली. ही आमच्या कोंबड्यानं घातली, असं त्याचं म्हणणं. ला पेरोनीनं भविष्य सांगणाऱ्याला विचारलं नाही, पाळत ठेवली. अंडी एक कोंबडी घालत होती, आणि ती घोगऱ्या आवाजात आरवतही होती. तिचं शवविच्छेदन केल्यावर पोटात पाण्यानं भरलेली एक मोठी गाठ सापडली. ती अंडनलिकेवर दाब देत होती, त्यामुळे नीट अंडं तयारच होत नव्हतं. फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे त्यानं हे मांडलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट दोनशे छत्तीस वर्षं उघडा होता, कुणीतरी पहिल्यांदा लॉग उघडून पाहिला.

आता थोडं यंत्र समजून घेऊ. कोंबडीच्या पोटात अंडाशयं दोन सुरू होतात, पण वाढतं आणि काम करतं ते फक्त डावं. उजवं अर्धवट राहून जातं. म्हणजे बॅकअप नाही! डाव्या अंडाशयाला गाठ झाली, संसर्ग झाला किंवा ते म्हातारपणी थकलं, की इस्ट्रोजेन कमी होतं. कोंबडीचा साधा पिसारा हा त्या इस्ट्रोजेनमुळेच असतो. ते गेलं की पुढच्या पिसं-झडीनंतर कोंबड्यासारखी लांब पिसं येतात, तुरा वाढतो. कधी उजवा राहिलेला तुकडा वाढून पुरुषी संप्रेरकं तयार करू लागतो, आणि बाई आरवायला लागतात.

१९२३ मध्ये एडिंबरोच्या फ्रान्सिस क्रू या शास्त्रज्ञानं बफ ऑर्पिंग्टन जातीच्या एका कोंबडीची हकीकत प्रसिद्ध केली. ती आधी अंडी घालत होती, मग हळूहळू कोंबड्यासारखी झाली आणि तिच्यापासून पिल्लंही झाली. तिचं अंडाशय क्षयानं नष्ट झालं होतं. अशी उदाहरणं अत्यंत विरळा. एरवी आरवणारी कोंबडी बाप वगैरे होत नाही. २०१० मध्ये त्याच एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेनं दाखवलं की कोंबडीच्या प्रत्येक पेशीला आपलं लिंग मुळातूनच ‘माहीत’ असतं. म्हणजे आवाज बदलला तरी बाई आतून कोंबडीच.

मग प्रश्न पडतो की एवढी माहिती जमली, तरी आपल्या परसातल्या कोंबडीपर्यंत ती पोचली का नाही?

इथे मला आपल्याकडचा ‘साळोत्री’ हा शब्द आठवतो. गुरांच्या डॉक्टरला जुनी माणसं साळोत्री म्हणायची. हा शब्द शालिहोत्रावरून आला, आणि शालिहोत्र म्हणजे घोड्यांच्या वैद्यकाचा आद्य आचार्य. हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद. शिकारी ससाण्यांसाठी कुमाऊंच्या रुद्रदेवाचं श्यैनिकशास्त्र, त्यात ससाण्यांच्या आजारांवर औषधंही आहेत. यादी नीट बघा. घोडा, हत्ती, ससाणा. सगळी राजाची जनावरं. कोंबडी कुणाची? तर घरातल्या बाईची.

इंग्रज आले तरी क्रम फारसा बदलला नाही. बुळकांडीनं गुरं पटापट मरत होती म्हणून १८७१ मध्ये गुरांच्या साथीवर आयोगाचा अहवाल आला. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, ती १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलली. सैन्याचा घोडा आणि शेतकऱ्याचा बैल हे मुख्य रुग्ण. यात चूक नाही, बैल गेला तर शेती बुडायची. पण कोंबडी मोठ्या अक्षरात नोंदली गेली ती १९२७-२८ मध्ये, राणीखेतला साथ आली तेव्हा. हीच आपली ‘मानमोडी’. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हाच रोग १९२६ मध्ये सापडला होता. यातून वाचलेल्या कोंबड्याही नंतर बरेचदा पातळ कवचाची, वेडीवाकडी अंडी घालतात, हे फार जणांना माहीत नसतं.

त्याच सुमाराला अमेरिकेत दुसरी लढाई चालू होती. लिओ रेटगर यांनी १९०० च्या आसपास पिल्लांच्या पांढऱ्या हगवणीचा जंतू शोधला. हा जंतू आईच्या अंडाशयात लपतो आणि अंड्यातून पिल्लात जातो. कोंबडी वरून ठणठणीत! मग रक्ताचा एक थेंब काचेवर घ्यायचा, त्यात रंगीत अँटिजेनचा थेंब मिसळायचा, दोनेक मिनिटांत गुठळ्या दिसल्या की कोंबडी वाहक, अशी सोपी चाचणी निघाली. १९३५ मध्ये तिच्या आधारावर राष्ट्रीय योजना उभी राहिली आणि रोग आटोक्यात आला. पण सापडलेल्या कोंबडीचं काय? तिला काढून टाकायचं. बरं करायचं नाही. मोठ्या कळपाचं वैद्यक असंच चालतं. तिथे रुग्ण म्हणजे कळप, एकटी कोंबडी नव्हे.

आपल्याकडे हे कळपाचं वैद्यक पुण्यातूनच पसरलं. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज काढली, १९८२ मध्ये अंडी समन्वय समिती म्हणजे एनईसीसी आली, आणि वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणारी कोंबडी घराघरातल्या ऑम्लेटमागे उभी राहिली. हिची मूळ पूर्वज, रानातली लाल कोंबडी, वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. गावठी कोंबडी पन्नास-साठ. या शर्यतीची किंमत अंडाशय मोजतं. इजिप्तच्या महमूद फतल्ला या डॉक्टरांनी १९७१ मध्येच स्त्रियांच्या बाबतीत मांडलं होतं की सतत बीज सुटत राहिल्यानं अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढत असावा. आणि तो कर्करोग आपोआप, मोठ्या प्रमाणात होणारा प्राणी कोणता निघाला? कोंबडी. आज बायकांच्या त्या आजाराच्या संशोधनासाठी कोंबड्यांवर अभ्यास होतो. जिच्यावर कुणी इलाज केला नाही, ती दुसऱ्यांच्या इलाजाला कामी येते.

आता वऱ्हाडात या. अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवर बार्शीटाकळी. कपाशी-सोयाबीनचा तालुका. कुठल्याही गावात परसात एक खुराडं, पाच-दहा गावठी कोंबड्या. अंड्यांचा आणि कोंबडीचा पैसा बहुधा घरातल्या माऊलीचा, त्यातून वह्या-पेन, तेल-मीठ, कधी बसभाडं निघतं. इथे कळप नाही. दहातली एक कोंबडी बसली तर दहा टक्के धंदा बसला.

इथल्या उन्हाळ्याचाही हिशोब धरा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते. धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचं! परिणाम: पातळ, मऊ कवच. १९८० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात उन्हात कोंबड्यांना सोडा वॉटर पाजून पाहिलं, आणि कवच सुधारलं. वऱ्हाडात सोडा नको, सावली आणि माठातलं गार पाणी पुष्कळ काम करतं.

कुणी गावाकडे किंवा फार्महाउसवर चार कोंबड्या पाळत असाल, तर हे लक्षात ठेवा.

अंडी थांबली म्हणजे आजार असं नाही. खुडूक बसली असेल, पिसं झडत असतील, थंडीत दिवस लहान झाला असेल, तर ते नैसर्गिक आहे.

पण कोंबडी शेपटी खाली टाकून पेंग्विनसारखी उभी राहते, वारंवार कुंथते, खात नाही, तर अंडं अडकलेलं असू शकतं. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, मागच्या बाजूला थोडं तेल लावा, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. अंडं दाबून फोडू नका, आत कवच लागून संसर्ग होतो. काही तासांत सुटलं नाही तर पशुवैद्य गाठा.

मायांग बाहेर आलं असेल तर आधी तिला वेगळं करा. लाल दिसलं की बाकीच्या टोचून टोचून मारतात. स्वच्छ पाण्यानं धुवा, ओलसर ठेवा आणि डॉक्टरला दाखवा.

पोट पाण्याच्या फुग्यासारखं लोंबतंय, तुरा फिका पडलाय, म्हणजे बलक पोटात सांडून संसर्ग झालेला असू शकतो. हा कठीण मामला. दुकानातून कुठलंही अँटिबायोटिक आणून पाजू नका. कोलिस्टिन तर २०१९ पासून खाद्यप्राण्यांसाठी बंदच आहे, कारण ते माणसासाठी शेवटच्या फळीतलं औषध. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ती अंडी खायची नाहीत.

एका कवचात जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि ते वीस तासांत चढतं. नुसत्या ज्वारीवर ते भागत नाही. शिंपल्याची भुकटी वेगळ्या भांड्यात ठेवा, तिला हवी तेवढी ती खाईल.

मानमोडीची लस आहेच. अडचण एवढीच की बाटली शंभर किंवा जास्त मात्रांची असते, थंड ठेवावी लागते, आणि एका घरात कोंबड्या दहा. ऑस्ट्रेलियाच्या पीटर स्प्रॅडब्रो यांनी उष्णता सोसणारी आय-२ लस तयार केली, आणि आफ्रिकेत गावातल्याच बायकांनी शिकून घरोघरी ती डोळ्यात टाकली. वीस-पंचवीस घरांनी एक दिवस ठरवला तर आपल्याकडेही एक बाटली पुरते. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, तालुक्याला सरकारी दवाखाना आहे. ज्ञान वीस किलोमीटरवर आहे. पण दीडशे रुपयांच्या अंड्यांसाठी शंभर रुपये भाडं खर्चून कोंबडी डालग्यात घालून कोण जाणार? हिशोब रास्तच आहे. म्हणून ज्ञानानंच गावात यायला हवं, लसीच्या दिवशी, बचत गटाच्या बैठकीत.

आणि हो, कोंबडी आरवलीच तर? सुरी जरा बाजूला ठेवा. पोट चाचपून बघा, तुरा बघा, शेवटचं अंडं कधी दिलं ते आठवा. कदाचित तिचा इलाज होणार नाही, कदाचित शेवटी सुरीच येईल. पण निदान ती अपशकुनी म्हणून मरणार नाही. आणि बाकीच्या नऊ जणींमध्ये तेच दिसतंय का, हे तरी वेळेत कळेल.